रिकामी उखळं

मुसळं थांबली त्याच्या दुसऱ्या सकाळी आजुआरात सगळे अजून ओरडूनच बोलत होते. लावणीपासून कापणीपर्यंत, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत घरोघर रिकामी उखळं कांडली गेली, की माणसांना ओरडायची सवय लागते आणि ती एका रात्रीत जात नाही. पायऱ्यांच्या बाजारात ताडगूळ विकणारी बाई हातभर अंतरावर उभ्या असलेल्या तेन्रीला, समोरच्या कड्यावरच्या माणसाला सांगावं तशी, "मऊ आहे गं, कालच उतरवलाय," असं सांगत होती. मग तिचं तिलाच लक्षात आलं. ती ओशाळून हसली, "कान गेले बाई आपले," असं हळू आवाजात म्हणाली आणि गुळाची ढेप केळीच्या पानात बांधायला खाली वाकली. ती वाकली तेवढ्या वेळात तेन्रीने ते ऐकलं. आधी वाटलं माशी असेल; गुळाला माश्या असतातच. पण माशी जागा बदलते. हे एकाच जागी होतं, पायांच्या खाली कुठेतरी, एक जाड सूर आणि शेवटाला किंचित चिरलेला, घसा बसलेल्या माणसाने गुणगुणावं तसा. वारा वाढला की तो चढायचा, पडला की उतरायचा. बाईने दिलेलं पान तेन्रीच्या हातातून निसटलं. बाईने ढेप उचलली, पुसली, पुन्हा तिच्या हातात दिली आणि काय झालं म्हणून विचारायला तोंड उघडलं. मग तिने तेन्रीचा चेहरा पाहिला, आणि मग तिनेही ऐकलं. टोपलीवर फडकं टाकून ती भराभरा आवरायला लागली, कारण कान झाकायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते.

घुमणी कोणाची, हे आजुआरात लहान पोरालाही सांगता येतं. वावडी म्हणजे माणसाला उचलून नेणारा पतंग; तिच्या माथ्यावर वेताची कमान, कमानीवर ताडाच्या पानाची तासलेली पट्टी. वारा लागला की ती घुमते. ज्याची वावडी त्याने पट्टी स्वतः तासायची, आणि दोन माणसांचे हात सारखे नसतात म्हणून दोन घुमण्याही सारख्या नसतात. तेन्रीच्या भावाची, पालावाची, पट्टी शेवटाला चिरलेली होती. तो ती तासत बसला असताना लहानग्या तेन्रीने मागून येऊन त्याच्या गळ्यात हात टाकले होते आणि सुरी घसरली होती. "झालं. नासवलीस," तो म्हणाला होता. दुसरी करायला पानं होती, वेळ होता, पण त्याने तीच बांधली. "आता माझी कोणाशी गल्लत व्हायची नाही," म्हणाला. मोठ्या भावाला इथे दाएंग म्हणतात, आणि तेन्रीच्या तोंडी पालावाचं नाव कधी आलंच नाही, दाएंगच यायचा. पलीकडच्या कड्यांतली पाकोळ्यांची घरटी काढून तो परत येऊ लागला की तो बसका सूर आधी यायचा, वावडी नंतर दिसायची. इंदो, म्हणजे त्यांची आई, तो सूर ऐकून चुलीवर भात चढवायची आणि भात होईपर्यंत दाएंग दारात असायचा, केसांत पिसं, हाताला घरट्यांच्या चिकट लाळेचा वास. आता तो वास आठवताना तेन्री बाजारातून धावत सुटली होती आणि गूळ तिच्या मुठीत वितळत होता. लोक बाजूला होत होते. लोकांनी बाजूला होणं तिला नवीन नव्हतं. ज्या घरातलं माणूस पडलं त्या घरातल्यांना वाट देण्याची पद्धत होती. पण आज ते वाट देत नव्हते, तिच्यापासून लांब सरकत होते.

आजुआरा हा एक लटकता खडक आहे आणि वडाच्या मुळांनी तो धरून ठेवला आहे. मुळं कशाला धरून आहेत हे विचारायचं नसतं. खाली पांढरं आहे, नुसतं पांढरं, हलणारं, आणि त्याच्या खाली काय आहे ते जे जाऊन पाहतात ते सांगायला येत नाहीत. दाएंग पडला त्या दिवशी वारा उलटा फिरला होता. वावडीचा दोर सोडणाऱ्या रहाटावर रुंपांग होता, दाएंगचा जिवलग, दोघं लहानपणापासून एकाच पानात जेवणारे. दोर रहाटापासून लांब, अर्ध्या वाटेवर, काही कारण नसताना तुटला. रुंपांगने अजून त्याचं कारण शोधणं सोडलेलं नव्हतं. तो ते दोराच्या उरलेल्या टोकात शोधायचा, बोटांनी पीळ उलगडून पाहायचा, आणि गावातली टवाळ पोरं त्याला 'तुटक्या' म्हणायची. दाएंगची वावडी फिरत फिरत पांढऱ्यात उतरली. घुमणी ऐकू येत राहिली, मग लांब गेली. तेवढ्यात घरातून पहिला ठोका आला. रीतच तशी आहे. पांढऱ्यात गेलेल्याची घुमणी कधी कधी मागे राहते, हाका मारते. मागे अशा हाकांना ओ देत आया गेल्या, नवरे गेले, एकदा म्हणे एका गल्लीतली सगळी तरुण पोरं एकामागून एक गेली. म्हणून माणूस पडलं की ते होडीसारखं लांब उखळ अंगणात ओढायचं, त्यात दाणा घालायचा नाही, आणि रिकामंच कांडायचं, एक अख्खा हंगाम, म्हणजे खालून काही आलं तरी वर ऐकू येत नाही. पहिलं मुसळ आईने घालायचं. मग शेजारी, मग गल्ली, मग गाव. आणि एवढं करूनही जो हाकेला जाईल, त्याचा दोर कोणी धरायचा नाही.

तेन्रीने हंगामभर कोणापेक्षाही जोरात कांडलं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. बायका म्हणायच्या, बघा, बहीण असावी तर अशी. जो जास्त जोरात कांडतो त्याचं जास्त प्रेम, असा हिशेब गावात होता आणि तेन्रीला तो पटलेला होता. निदान हाताला काही काम होतं आणि डोक्यात जो आवाज व्हायचा त्यापेक्षा हा आवाज मोठा होता. मुसळं इतकी मोडली की सुतारांचं तेवढ्यात उखळ पांढरं झालं. इंदो मात्र कांडताना नेहमी मागे पडायची. सगळ्यांची मुसळं पडली की मग तिचं पडायचं, अर्धा ठोका उशिरा, एखाद्याने आत येताना दार लोटावं तसं. तेन्रीला त्याचा राग यायचा. इंदो मनापासून कांडत नाही असं तिला वाटायचं, आणि तसं ती एकदा बोलूनही गेली होती. इंदोने मुसळ खाली ठेवलं नव्हतं. तिने फक्त म्हटलं होतं, "उचलताना जड होतं गं मला. टाकताना नाही."

कड्यावर पोचल्यावर तेन्री पोटावर झोपली आणि डोकं बाहेर काढून खाली पाहू लागली. दिसलं काहीच नाही. खडक आत वळलेला, मुळांच्या झिपऱ्या, आणि लगेच पांढरं. आवाज मात्र स्पष्ट होता. तिने हाक मारली. "दाएंग!" आवाज पांढऱ्यात शिरला आणि परत आला नाही. तिने पुन्हा मारली, मग सारखी मारत राहिली, घसा फाटेपर्यंत, मधे मधे श्वास रोखून ऐकत. घुमणी चढत होती, उतरत होती. माणसाचा आवाज नव्हता. मागे माणसं जमली होती, कानांवर हात धरून उभी, देवळात उभं राहावं तशी गप्प. मग ती दुभंगली आणि पुआंग मातोआ पुढे आले. गावाचं म्हातारं माणूस; त्यांचे स्वतःचे दोन मुलगे याच कड्यावरून गेलेले. ते तिच्याशेजारी खाली बसले, गुडघ्यांचा कटकट आवाज झाला.

"ओ दिली का त्याने?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"किती हाका मारल्यास?"

"पुष्कळ."

"मग पोरी, जिवंत असता तर ओ दिली नसती का? तुझ्या हाकेला?"

"पण पुआंग, वावडी हवेत आहे. धरल्याशिवाय वावडी हवेत राहत नाही. सुटलेली असती तर केव्हाच खाली गेली असती. कोणीतरी दोर बांधलाय."

"किंवा मुळांत अडकलाय. अडकलेला दोर बांधल्यासारखाच असतो. वाऱ्याला घुमायला माणूस लागत नाही." त्यांनी खाली पांढऱ्याकडे पाहिलं. "माझा धाकटा महिनाभर घुमत होता. मीही असंच म्हणत होतो, बांधलाय कोणीतरी. तुला वाटतं मला वाटलं नाही?"

म्हातारा खोटं बोलत नव्हता आणि दुष्टही नव्हता, तेच वाईट होतं. दुष्ट असता तर तिला त्याच्याशी भांडता आलं असतं आणि भांडणाच्या भरात ती उतरलीही असती, तिथल्या तिथे, मुळांना धरून. पुआंग उठले आणि मागच्या लोकांना म्हणाले, "आजचा दिवस पाहू. उद्या शेवटचं जेवण आहे, ते होऊ दे. तोपर्यंत वारा नाही फिरला तर पुन्हा उखळं काढू." लोक पांगले. रुंपांग एकटा रहाटाजवळ उभा होता, दोराचं टोक बोटांत घेऊन, आणि तो तिच्याकडे पाहत नव्हता.

घरी इंदो चिकट तांदूळ बांबूच्या नळ्यांत भरत होती, शेवटच्या जेवणासाठी. पडलेल्याच्या नावाचं एक पान वाढायचं, ते पांढऱ्यात सोडायचं आणि संपलं. तेन्री दारात उभी राहिली. घराच्या फळ्यांखालूनही घुमणी येत होती, कड्यापेक्षा जवळ वाटावी इतकी. इंदोचे हात चालू होते. नळीत तांदूळ, वर नारळाचं दूध, पानाचा बूच.

"इंदो, ऐकलंस?"

"मीठ कमी पडलंय. शेजारून आण जरा."

"इंदो."

"मला काही ऐकू येत नाही. कान बसलेत माझे." इंदोने नळी बाजूला ठेवली आणि पुढची घेतली. तिची मांडी आपोआप हलत होती, उखळाच्या ठेक्यात. "आणि तुलाही येत नाहीये. कळलं? तुलाही येत नाहीये."

"तो असेल तिथे. पाय मोडला असेल, काहीतरी असेल. वावडी बांधून ठेवली असेल त्याने, आपण ऐकू म्हणून."

"हंगामभर?"

"हो."

इंदोने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. तिचा चेहरा तांदळाच्या वाफेने ओला झाला होता किंवा कशाने तरी. "मग हंगामभर त्याने काय ऐकलं असेल, ते सांग मला," ती म्हणाली. "सांग ना. तू एवढी हुशार. आपण वर काय करत होतो, ते त्याला कळलं नसेल? तो याच गावचा नाही का?" मग तिने मान खाली घातली. "नाही. तो मेला. पडला त्याच दिवशी मेला. एक पांढऱ्याने घेतलं, तू दुसरं द्यायला जाऊ नकोस. जाशील तर पहिलं मुसळ मलाच घालावं लागेल, तेन्री. मी घालीन. सांगून ठेवते."

तेन्री मीठ आणायला गेली. यानंतर तिला पुन्हा पुन्हा आठवायचं होतं ते हेच, की ती मीठ आणायला गेली. ती शेजारी गेली, ओंजळीत मीठ घेऊन आली, नळ्या निखाऱ्यांवर उलट्यापालट्या केल्या, संध्याकाळी अंगण झाडलं. पुआंग म्हणाले तेच खरं असणार असं तिने स्वतःला सांगितलं, आणि खरं म्हणजे ते खरं असावं असं तिला वाटत होतं. माणूस मेलेलं असलं की त्याच्याकडून काही मागणं येत नाही. हंगामभर तिने त्याला मारून टाकायचा सराव केला होता, दररोज थोडं थोडं, मुसळाने, आणि आता कुठे तो पुरता मेला होता. आणि कोणीतरी येऊन सांगत होतं की पुन्हा सुरुवात कर. दाएंग एकदा तिला म्हणाला होता, वावडीवर असताना भीती पडण्याची नसते, दोर धरणाऱ्याला कंटाळा येईल याची असते. ती तेव्हा हसली होती. तो सूर झोपेतही चालू राहिला, फळ्यांखालून, आणि झोपेत तिने दोनदा त्याला ओरडून गप्प राहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला नाही. दुपारी शेवटचं जेवण झालं, पान सोडलं, लोक सुस्तावले. घुमणीकडे कोणी लक्ष देत नव्हतं, म्हणजे सगळे देत होते. पुरुष उखळं पुन्हा अंगणात ओढत होते. तेन्री इंदोची नजर चुकवून निघाली आणि रहाटाशी गेली.

"रुंपांग, दोर धरशील?"

त्याने बोटांतलं दोराचं टोक सोडलं. मग म्हणाला, "माझ्या हातून तुटतात दोर. गावाला विचार."

"गावाला काय विचारू? तुलाच विचारतेय, तुटक्या."

त्याला हसू आलं, हंगामभरात बहुतेक पहिल्यांदा, आणि लगेच ते गेलं. "काल विचारायचंस ना," तो म्हणाला. "काल मी तुझ्या तोंडाकडे बघत उभा होतो. तू म्हणाली असतीस तर मी काल धरला असता."

"तू माझ्याकडे बघत नव्हतास."

"बघत होतो गं. तू वर बघेपर्यंत बघत होतो." त्याने दोर तिच्या कमरेला बांधला, दोनदा ओढून पाहिला, पुन्हा बांधला. "दोनदा ओढलास की वर घेतो. मी सोडणार नाही. मला कोणी धरलं तर रहाटाला गाठ मारीन. पण सोडणार नाही."

खडकाच्या पोटाखालचं आजुआरा तिने कधी पाहिलं नव्हतं. वरून पाहावं तेव्हा वाटतं कडा संपला की पांढरंच, पण तसं नसतं; आधी गावाची घाण असते. मोऱ्यांचे ओघळ, अडकलेली केळीची सालं, कोणाचा तरी फाटका परकर, आणि मग मुळं, मांडीएवढी, मनगटाएवढी, केसाएवढी. पाय ठेवायला जागा होती. वारा खालून वर येत होता आणि तिला खडकावर दाबत होता. एकदा त्याने तिला उलटं फिरवलं, आभाळ पायाखाली आलं. तिने एका मुळाला मिठी मारली आणि डोळे मिटून राहिली. पाकोळ्या तिच्या अंगावरून सटासट जात होत्या. दोर वरून नेमका तेवढाच सुटत होता जेवढा हवा, ना कमी ना जास्त. रुंपांगसारखा दोर धरणारा आजुआरात दुसरा नव्हता आणि त्याला सगळं गाव तुटक्या म्हणत होतं. ती पांढऱ्यात शिरली. पांढरं म्हणजे गार ओलं धुकं, बाकी काही नाही; तोंडात घेतलं तर पाण्याची चव. याला आपण भ्यायलो, असं तिच्या मनात आलं. घुमणी आता इतकी जवळ होती की दात हुळहुळत होते. मग धुकं थोडं फाटलं आणि ती दिसली, दाएंगची वावडी, चंद्राच्या आकाराची, लाल कापड एका बाजूने फाडून काढलेलं, कड्यापासून बाहेर वाऱ्यावर ताणलेली. दोर मुळाशी बांधला होता. अडकला नव्हता. दोन वेढे आणि वरून आडवा फास, इंदो भाताच्या नळ्या जुडीत बांधते तशी गाठ. तेन्री तिच्याकडे बघत राहिली. तिला एकदम बरं वाटलं, इतकं बरं की तिला रडू आलं, आणि ती मोठ्याने म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" कोणाला म्हणाली कोण जाणे.

वर मान करून पाहिलं तर धुक्यातून खडकाचा काळसर तळ दिसत होता आणि त्यातून एक वेताची नळी बाहेर आलेली, टोकाला शेवाळ. ती त्यांच्याच घराची मोरी होती. बाजारातून घरी यायला जेवढं चालावं लागतं तेवढंही ती उतरली नव्हती.

गाठीच्या मागे खडकात खोबण होती, पाकोळ्यांची. तो तिथे बसलेला होता, पाठ दगडाला टेकून. डावा पाय गुडघ्याखाली चुकीच्या बाजूला वळून सुकलेला, त्याला मुळाच्या सालीने दोन काठ्या बांधलेल्या. आजूबाजूला अंड्यांची टरफलं, चघळून टाकलेली घरट्यांची चिपाडं, केळीच्या पानाचा द्रोण करून मोरीच्या धारेखाली ठेवलेला. दाढी वाढलेली. आत बसलेले गाल, उघडे ओठ. "दाएंग," ती म्हणाली. मग त्याच्या खांद्याला धरून हलवलं आणि त्याचं डोकं तिच्या हातावर आलं. चेहरा गार होता. तिने त्याच्या काखेत हात घातला, लहानपणी थंडी वाजली की घालायची तसा, आणि तिथे अजून ऊब होती. फार नाही. निखारे विझल्यावर चुलीच्या दगडाला असते तेवढी. आज सकाळपर्यंत तो होता. कदाचित जेवणाच्या वेळेपर्यंत. काल ती मीठ आणायला गेली तेव्हा होता, अंगण झाडत होती तेव्हा होता, कड्यावर पोटावर झोपून घसा फोडत होती तेव्हा तर नक्कीच होता, इथे, एवढ्यावर. मग ओ का दिली नाही? ओ का दिली नाहीस, असं ती त्याला विचारत राहिली, चिडून, त्याचे केस कपाळावरून मागे सारत, आणि केस मागे सारताना तिला त्याच्या कानांत लाल काही दिसलं. रक्त वाटलं. रक्त नव्हतं, कापड होतं. वावडीचं लाल कापड, बोळे करून आत दाबलेलं, आणि वरून घरट्यांच्या चिकट लाळेने लिंपून टाकलेलं, घट्ट, वाळून कडक झालेलं. तिला ते नखाने खरवडून काढावं लागलं. एक निघाला, मग दुसरा.

बोळे हातात घेऊन ती बसली. कशाला, असा प्रश्न तिला पडला होता, आणि खरोखरच तिला उत्तर सुचत नव्हतं. इथे पाकोळ्यांखेरीज कसला आवाज होता? त्याची स्वतःची घुमणी होती, पण ती तर त्यानेच बांधलेली. ती विचार करत होती, तेवढ्यात तिच्या पाठीमागचा दगड हलला.

एक ठोका. थांबून दुसरा. आवाज वरून नव्हता येत, आतून येत होता, खडकातून, मुळांतून, दाएंगच्या टेकलेल्या पाठीतून. घराच्या खाली बसल्यावर अंगणातलं उखळ असं ऐकू येतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मुसळ उचलायला वेळ लागत होता आणि मग ते पडत होतं. इंदोचं मुसळ. हंगामभर ते सगळ्यांच्या मागे असायचं. आज त्याच्या पुढे कोणी नव्हतं. मग शेजारच्यांचं आलं, मग गल्लीतली आली, एकेक ओळखू येत होतं, ही ताडगूळवाली, हे सुतारांचं घर, आणि मग ओळखू येईनासं झालं, सगळा खडक घणघणायला लागला, टरफलं जागच्या जागी नाचू लागली. तेन्रीने दोर दोनदा ओढला. पुन्हा दोनदा ओढला. तो सैल लागला, आणि मग धुक्यातून वेटोळी होत खाली आला, सगळाच्या सगळा, तिच्या मांडीवरून, दाएंगच्या मोडक्या पायावरून, खोबणीच्या कडेवरून खाली लोंबकळत. तिने टोक ओढून घेतलं आणि पाहिलं. तुटलेलं नव्हतं. कोयत्याने कापलेलं होतं, एका घावात. रुंपांगला आता निदान पीळ उलगडून बघायला नको, असं तिला वाटलं.

तिने हाक मारली. स्वतःची हाक तिला ऐकू आली नाही. दाएंगने किती दिवस मारल्या असतील, आणि कोणत्या दिवशी त्याला कळलं असेल, की आपण मारत राहावं आणि वरच्यांनी कांडत राहावं असाच हा हंगाम जायचा आहे. इथे बसून त्याने सगळ्यांची मुसळं ओळखली असणार. एक सगळ्यांत जोराचं असायचं, त्याचा धक्का सगळ्यांत खोल जायचा. ते कोणाचं हे त्याला कळलं नसेल असं तिला स्वतःला सांगता येईना. त्यासाठी त्याने कापड फाडलं होतं. आणि परवा सगळं थांबलं, तेव्हा लिंपलेल्या कानांनी तो इथेच बसला असेल, थांबलंय हे न कळता. कदाचित दगडाची थरथर गेल्याचं जाणवलंही असेल, पण तोपर्यंत त्याला कशाचीच वाट बघायची नसेल. काल तिच्या हाका त्याच्या डोक्यावरून गेल्या आणि तो टरफलांकडे बघत बसला.

लाल बोळे अजून तिच्या मुठीत होते. घाव पाठीत, दातांत, डोळ्यांच्या मागे पडत होते; कानांत घातले असते तर थोडं बरं वाटलं असतं, आणि ती मूठ कानापर्यंत गेलीही. मग तिने ते बोळे खाली पांढऱ्यात टाकून दिले. ती दाएंगच्या शेजारी सरकून बसली, त्याचं डोकं खांद्यावर घेतलं आणि द्रोणातलं पाणी संपलंय का ते पाहिलं. अजून होतं. मुसळं कधीतरी थांबतात, कापणी झाली की थांबतातच. त्या सकाळी वरून कोणी हाक मारली तर आपल्याला ऐकू यायला हवी, एवढंच तिच्या मनात होतं. मग वर आता हाक मारणारं इंदोशिवाय उरलंय कोण, हे तिच्या लक्षात आलं, आणि ती त्या गदारोळात इंदोचं मुसळ शोधू लागली. ते सापडायला वेळ लागला नाही. ते पुन्हा सगळ्यांच्या मागे पडू लागलं होतं, अर्धा ठोका उशिरा.